आबांच्या पायातला विंचू

आमच्या मोरिवलीच्या घरात शिरताना पहिल्यांदा वास यायचा, मग घर दिसायचं. भिजत घातलेल्या कातड्याचा, बाभळीच्या सालीचा, करंजेलाचा आणि त्यातच चुलीवर भाजलेल्या सुकटीचा असा तो एक मिळून वास होता. नव्या माणसाला तो दारातच अडवायचा. आम्हाला तो येतच नसे. पुढं लग्न होऊन बदलापूरला गेले आणि पहिल्या माहेरपणाला परत आले, तेव्हा उंबऱ्यात पाऊल टाकल्याबरोबर मी नाकाला पदर लावला. आई म्हणाली, "आल्या बघा बदलापूरच्या मामलेदारीणबाई." माझे यजमान पोस्टात टपाल वाटत होते, हे आईला चांगलं माहीत होतं.

आबा म्हणजे माझे वडील. साताऱ्याकडून ते इकडं अंबरनाथला आले ते काडेपेट्यांच्या कारखान्यात नोकरी करायची म्हणून. ती नोकरी त्यांनी केलीही, पण फार थोडे दिवस. भोंगा वाजला की उठायचं आणि भोंगा वाजला की जेवायचं हे काही त्यांना जमेना. "माझ्या पोटाला माझं कळतं, त्याला शिट्टी कशाला," असं म्हणून ते घरी आले, आणि गावाहून आणलेली कातडं कापायची रापी, टोचायची आरी आणि बडवायची मोगरी त्यांनी पुन्हा पोत्यातून बाहेर काढली. नातेवाईक म्हणाले, शहरात येऊन पुन्हा तेच. आबा म्हणाले, तेच, पण माझ्या वेळेनं. असा आमचा स्वतंत्र धंदा सुरू झाला. 'स्वतंत्र' म्हणजे आठवड्याच्या सगळ्या वारी काम.

चपला हे आबांचं मुख्य काम, पण मागेल ते करून द्यायचे. बैलांच्या गळ्यातले पट्टे, शाळेची दप्तरं, कारखान्यातल्या साहेबांच्या बायकांना खांद्याला अडकवायच्या पिशव्या. कातडं कापायचं आबांनी, शिवायचं आबांनी, आणि पट्ट्यावरच्या बारीक वेण्या घालायच्या मी आणि आईनं. माझ्या वेणीला आई नावं ठेवायची. "ही चपलेची वेणी हाय का म्हशीचं दावं?" असं विचारायची. खरं सांगायचं तर मला स्वतःच्या केसांचीही वेणी सरळ घालता येत नव्हती. चपलेला बिचारीला आरशात बघता येत नसे, एवढाच काय तो तिचा फायदा.

मात्र आबांची खरी ख्याती होती ती विंचवासाठी. चपलेच्या तळाच्या दोन थरांमध्ये कातड्याचा एक छोटा वाकडा तुकडा बसवतात, त्याला आमच्यात विंचू म्हणतात. तो नीट बसला की पाऊल पडताना चप्पल कर्रकर्र वाजते. लहानपणी मला वाटायचं की आबा खरोखरीचा विंचू पकडून आत शिवतात, आणि मी शेजारच्या पोरींना तसं सांगूनही ठेवलं होतं. त्यामुळं आमच्या घरी खेळायला कुणी येत नसे. वांगणी-बारवीकडचे शेतकरी बदलापूरच्या बाजारात आमच्याकडं विंचवाचीच चप्पल मागायचे, कारण बांधावरून चालताना आवाजानं जनावर बाजूला होतं. गावाकडं तिचा मान वेगळा. तिथं कर्रकर्र चप्पल पाटलाची, इनामदाराची. गल्लीच्या टोकाला आवाज आला की अंगणातल्या बायका डोक्यावर पदर घेऊन उठून उभ्या राहायच्या, भिंतीकडं सरकायच्या. आईला ती सवय इतकी होती की मोरिवलीतही एखादं गिऱ्हाईक नवी चप्पल घालून दोन पावलं टाकायचं, तर तिचा हात आपोआप पदराकडं जायचा.

आवाज बसला की नाही हे आबा कसं बघायचे, ते मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. दोन्ही चपलांत ते हाताचे पंजे घालायचे आणि जमिनीवर गुडघे टेकून, कान खाली करून, हातांनी चालायचे. चुलीपासून दारापर्यंत आणि दारापासून चुलीपर्यंत. मनासारखा आवाज आला की तसेच ओणवे असताना मान वर करून हसायचे. पायात घालून कधीच बघायचे नाहीत. मला वाटायचं, चप्पल अशीच पारखतात. आबांच्या स्वतःच्या चपलेत विंचू नव्हता. मांजरासारखे यायचे. मी एकदा विचारलं, "आबा, तुमच्या चपलेत का नाही?" तर म्हणाले, "आपल्याला कशाला." आणि मोगरी उचलून कातडं बडवायला लागले. म्हणजे प्रश्न संपला.

आईनं मला ते नंतर सांगितलं, भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता. माझ्या आजोबांनी स्वतःच्या लग्नात स्वतःसाठी विंचवाची जोडी केली होती. ती घालून ते पाटलाच्या वाड्यावरून गेले. परत आले ते चपला डोक्यावर घेऊन, अनवाणी, आणि तसंच त्यांना साऱ्या गावातून फिरायला लावलं होतं. "तवापासून आपल्या घरात करायची, पर घालायची न्हाई," आई म्हणाली. "आता हितं कुठला पाटील," मी म्हटलं. आई म्हणाली, "पाटील हितं नसंल. भ्या हाय की."

त्या काळात अंबरनाथच्या शेजारी निर्वासितांचा कॅम्प नुकता वसत होता. लढाईच्या वेळच्या लष्करी बराकींमध्ये सिंधमधून आलेली माणसं उतरवली होती, आणि बघता बघता बराकींच्या तोंडाशी दुकानं लागली. कापड, पापड, बिस्किटं, कुलपं, काय हवं ते. आबांना बाजारात पथारी टाकून बसण्याचा कंटाळा आला होता. ऊन आलं की उठा, पाऊस आला की गोळा करा, पोलीस आला की पळा. त्यांना एकच हवं होतं, डोक्यावर छप्पर असलेली एक पक्की जागा, जिथं गिऱ्हाईक उद्याही आपल्याला शोधत येईल. "माणूस चपलेपेक्षा जागा बघून येतो," असं ते म्हणायचे. कॅम्प दोनमध्ये परमानंद शेठ म्हणून एक कापडवाले होते. त्यांच्या दुकानाला लागून एक पडवी रिकामी होती. पुढं दुकान, मागं त्याच बराकीत शेठचं घर. आबा त्या पडवीवरून इतक्या वेळा गेले की शेठनीच एक दिवस हाक मारली.

मी बरोबर होते, कारण बोलायचं काम माझं. कॅम्पात चपला विकता विकता माझं हिंदी आणि चार शब्द सिंधी असं एक गाठोडं तयार झालं होतं. त्यातलं व्याकरण आजही कुणी उघडून बघू नये.

"क्या देखता है रोज रोज? जगह चाहिए?" शेठ म्हणाले.

मी म्हटलं, "हाँ साईं. मेरे आबा बहोत अच्छा चप्पल बनाते."

"सब बोलते हैं बहोत अच्छा. पहले मेरे पाँव में डालो. मेरे को पसंद आया तो बैठो. नहीं आया तो रस्ता पकड़ो."

त्या जोडीवर आबांनी जेवढा जीव लावला तेवढा माझ्या लग्नातल्या चपलांवरही लावला नसेल. पाठीचं कातडं घेतलं, पोटाकडचं नाही, कारण ते ताणतं. टाके असे बारीक की नखाला लागू नयेत. वेण्या मला घालू दिल्या नाहीत, आईनं घातल्या. आणि विंचू असा बसवला की हातांनी चालताना आबा दारापाशी थांबले, परत चुलीपर्यंत गेले, आणि नुसतं ऐकावं म्हणून आणखी एक फेरी मारून आले. आपल्याला जो मान देता येतो तो सगळा त्यांनी त्या चपलेत घातला होता. समोरच्याला तो हवा आहे का, हे विचारायचं मात्र आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. गावाकडं कुठल्या पाटलानं कधी मान नको म्हटलं होतं?

जोडी देऊन काही दिवस झाल्यावर मी शेठकडं गेले तर ते गल्ल्यावर अनवाणी बसलेले. चपला कागदात गुंडाळून बाजूला ठेवलेल्या.

"ले जा," ते म्हणाले. "चप्पल अच्छा है. पण ये आवाज निकाल के ला. मैं माल देखने पीछे जाता हूँ, नौकर सोया है, मेरे से पहले चप्पल पहुँच जाती है. नौकर उठ के थान गिनने लगता है. सामनेवाला दुकानदार चिल्लाता है, आ गई शेठ की गाडी. तेरे बाप को बोल, आवाज निकाले तो कल से पडवी उस की."

मी पुडकं घेऊन वळले तेवढ्यात मागच्या गोणपाटाच्या पडद्याआडून हाक आली. शेठच्या बायकोची, अम्मांची. "छोकरी, इधर आ. पानी पी के जा." सिंध्यांच्या घरी कुणी आलं की आधी पापड आणि पाणी. माझ्या पुढ्यात दोन्ही आलं. सवयीनं मी वरून पाणी घ्यायला ओंजळ पुढं केली. अम्मांनी ती बघितली, माझी बोटं एकेक करून सोडवली आणि त्यात पेला धरवला. मग मी पापड मोडला. त्या शांततेत त्याचा असा काही आवाज झाला की मला वाटलं, आमच्या घराण्याला आवाजाचा शापच आहे.

आत एकच लांब खोली होती आणि तिचे गोणपाटानं पाडलेले तुकडे. अम्मा, दोन मुलगे, दोन सुना. थोरली सून तांदूळ निवडत होती. तिचे केस मोकळे होते, नुकते धुतलेले, पाठीवर पसरलेले.

अम्मा हळू आवाजात म्हणाल्या, "बाप को बोल, आवाज नहीं निकालने का."

मी म्हटलं, "पण शेठ तर..."

"शेठ को क्या मालूम." मग त्या बराच वेळ बोलल्या. तिकडं सिंधमध्ये त्यांचं घर मोठं होतं, अंगण होतं, दारामागं दार होतं. शेठ आत येताना आधी बाहेरचं दार वाजायचं, मग मधलं, तोवर सुनांनी घुंगट घेतलेला असायचा. शेठना खाकरायची सवय कधी लागलीच नाही, त्यांच्यासाठी दारंच खाकरायची. इथं दार नाही. गोणपाट वर केलं की माणूस आत. सून नळावर असो, पोराला पाजत असो, सासरा समोर उभा. पोरी दिवसभर डोक्यावरची ओढणी सोडत नाहीत, कामं करताना ती तोंडात धरतात.

थोरल्या सुनेनं तांदळातून मान वर केली. "इतने दिन चप्पल गली के कोने से बोलती थी," ती म्हणाली. "यहाँ आने के बाद पहली बार मैंने बाल सुखाए."

"तर मग तुम्हीच सांगा ना शेठना," असं मी माझ्या हिंदीत म्हटलं. अम्मा हसल्या. "मैं बोलूँगी तो बोलेंगे, मेरे घर में मैं ही चोर? तेरा बाप बोले, निकलता नहीं. कारीगर की बात आदमी मानता है."

घरी येऊन मी आधी शेठचं सांगितलं, आणि अम्मांचं सांगेपर्यंत आबांनी रापी हातात घेतलेली होती. कारण तळ उसवायची त्यांनी तयारी केली होती. पेढेवाल्याला साखर काढून पेढे करायला सांगावं तसं ते होतं, पण जागेसाठी तेही करायला निघाले होते. माझं ऐकून रापी खाली ठेवली. आई म्हणाली, "मग काय झालं. सांगा निघत न्हाई म्हून."

"निघतो की," आबा म्हणाले.

"आवं, निघतो ते तुमाला ठावं. शेठला काय ठावं?"

"मला ठावं हाय न्हवं."

इथंच सगळं अडलं. विंचू काढावा तर त्या पोरींच्या डोक्यावर पुन्हा दिवसभर ओढणी. ठेवावा तर पडवी गेली. आणि निघत नाही म्हणावं, तर जे काम आपल्याला येतं ते येत नाही असं आबांनी स्वतःच्या तोंडानं सांगायचं. दुसऱ्या दिवशी आम्ही वालधुनी नदीच्या काठाकाठानं कॅम्पाकडं निघालो तेव्हा आबा वाटभर गप्प होते, आणि मी वाटभर बोलत होते. घाबरले की मी बोलते. ही सवय अजून आहे, डॉक्टरांकडं विशेषतः.

शेठनी कागद सोडला, चपला पायात घातल्या आणि एक पाऊल टाकलं. कर्र.

"निकाला नहीं?"

आबा म्हणाले, "नाही निकाला."

"क्यों? निकलता नहीं क्या?"

पडद्यामागं सगळी हालचाल थांबली, हे मला ऐकू आलं. आबांनी हात जोडल्यासारखे केले, मग सोडले. "निकलता है, शेठ," ते म्हणाले. "पन मी नाही काढनार."

झालं. गेली पडवी, असं माझ्या मनात आलं. गल्ल्यासमोर उभं राहून शेठना असं उत्तर कुणी दिलेलं त्या नोकरानंही कधी पाहिलं नसावं, तो कापडाचं थान धरून तसाच उभा. आबांना कारण सांगायचं नव्हतं. दुसऱ्याच्या घरातल्या बायकांची गोष्ट बाजारात बोलायची कशी? आणि कारण न सांगता माणूस उभा राहिला की तो अगदीच हट्टी दिसतो.

तेवढ्यात पडद्याआडून अम्मांचा आवाज आला. हाक मला होती, पण आवाज चांगला रस्त्यापर्यंत जाईल असा. लेकी बोले सुने लागे ही रीत सिंधमध्येही होती, हे मला त्या दिवशी कळलं.

"छोकरी, तेरे घर को दरवाजा है?"

"हाँ अम्मां," मी म्हटलं. कारखान्यातल्या मोडक्या खोक्याच्या फळ्यांचं दार होतं ते, आणि बिजागऱ्या आबांनी चामड्याच्या केल्या होत्या. पण दार होतं.

"अच्छा है. हमारे घर को नहीं है. वो जो चप्पल है ना, वो हमारा दरवाजा है. तेरे बाप को बोल, लगाया हुआ दरवाजा कोई निकालता नहीं."

शेठ पडद्याकडं वळले. मग पायाकडं बघितलं. एकदा डावा पाय उचलून टेकवला. कर्र. पडद्यामागं ओढणी सावरल्याची बारीक सळसळ झाली. ती त्यांनी पहिल्यांदाच ऐकली असावी, कारण त्यांचा चेहरा बदलला. ते घसा साफ करायला गेले आणि त्यांना खोकला आला. चांगला मोठा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. माझी खात्री आहे की त्या घरात शेठ असे पहिल्यांदाच खाकरले.

"बैठो," ते आबांना म्हणाले. "कल से बैठो. और मेरे नौकर को मत बताना कि कब आता हूँ."

अम्मांचं मात्र अजून संपलं नव्हतं. "और उस को बोल," पडदा म्हणाला, "वो पडवी में बैठेगा तो पानी लेने हमारे ही नल पे आएगा. उस के पाँव की आवाज नहीं आती. भूत के जैसा खडा रहता है. पहले अपनी चप्पल में डाले, फिर बैठे."

मी आबांकडं बघितलं. शेठपुढं 'नाही काढणार' म्हणताना जो माणूस हलला नव्हता, तो आता घाबरला होता. "सांग त्यांना, मी दुरूनच हाक देत जाईन," ते मला पुटपुटले. मी सांगितलं. पडदा म्हणाला, "गाना भी गाए तो नहीं चलेगा. चप्पल."

चार माणसांच्या चपला आबा ज्या वेळात करायचे, तेवढा वेळ त्यांना ती एक जोडी लागली. कातडं कुंडीत भिजलं, सुकलं, पुन्हा भिजलं. तळ शिवला, उसवला. वेण्या घालायला आईनं मला दिल्या, आणि या खेपेला नावं ठेवली नाहीत. विंचू बसवल्यावर आबा हातांनी चालले, पण दारापर्यंत गेले नाहीत, मधूनच परत आले. "वाजतोय," एवढंच म्हणाले. सकाळी ती जोडी त्यांनी पिशवीत टाकली आणि जुनी घालून गेले. कॅम्पाच्या कोपऱ्यावर बदलली असणार. मी मागून पोचले तर पडवीपाशी ते चवड्यांवर चालत होते, स्वतःच्याच चपलेला चुकवत. अम्मांनी आतून विचारलं, "कौन है, चोर है क्या?" तेव्हा कुठं त्यांनी टाच टेकवली.

धंदा पडवीत चांगला चालला की बेताचा, हे सांगण्यासारखं नाही. पुढं प्लॅस्टिकच्या चपला आल्या आणि पडवीचं जे व्हायचं ते झालं. आता त्या बराकीच्या जागी चार मजली इमारत आहे. मागं मी मुद्दाम बघून आले. प्रत्येक घराला दार, दाराला लोखंडी जाळीचं आणखी एक दार, आणि घंटीची कळ. मी कोणतीच वाजवली नाही. पाय दुखत होते, आणि माझ्या पायात हल्ली गुडघेदुखीसाठीचे मऊ बूट असतात. मी आल्याचं कुणालाच कळत नाही.

पडवीतल्या त्या पहिल्या दिवसाची संध्याकाळ मात्र मला सांगायची आहे. आम्ही दिवेलागणीच्या आधी मोरिवलीला परतलो. गल्लीच्या तोंडाशी आबा थांबले. पिशवीत जुनी जोडी होती. त्यांनी पिशवीकडं बघितलं, पण हात घातला नाही. मी पुढं पळाले आणि दारातून पाहिलं ते असं: आई चुलीपुढं बसलेली, तव्यावर भाकरी, आणि गल्लीतून आवाज आला, कर्र, कर्र, टाच टेकवलेला, सावकाश. आईचा हात पदराकडं गेला. पिठाच्या हातानंच तिनं पदर डोक्यावरून घेतला, उठली आणि भिंतीकडं सरकून मान खाली घालून उभी राहिली. मला हळूच म्हणाली, "कोन मोठं मानूस आलंय बघ गं."

दारात आबा.

"आवं," आई म्हणाली. "तुमी व्हय."

"मीच. बस की."

आई बसली नाही. पदरही खाली केला नाही. आबा आत आले, चपला काढून भिंतीशी सरळ लावून ठेवल्या, हातपाय धुऊन पाटावर येऊन बसले, तोवर ती तशीच उभी होती. तव्यावरच्या भाकरीचा कोळसा झाला. आबांनी तो तसाच खाल्ला. दुसऱ्या दिवसापासून आईनं एक शहाणपण केलं. गल्लीच्या तोंडाशी कर्रकर्र ऐकू आली, की मगच भाकरी तव्यावर टाकायची.